दुसऱ्यांदा मांडलेला मलिदा

माझ्या आत्याला मी एकच नवस एका दिवसात दोनदा फेडायला लावला. पहिल्यांदा देवासाठी, दुसऱ्यांदा कॅमेऱ्यासाठी. चूक माझी. त्या चुकीवर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही.

आम्ही बेने इस्राएल. म्हणजे ज्यू, पण कोकणातले. मूळ गाव रेवदंड्याजवळ, घरात मराठी, दाराच्या चौकटीला मेझुझा, म्हणजे धर्मवचनाची छोटी डबी, आणि पूर्वज तेलाचा घाणा चालवणारे. शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. मी भाईंदर पश्चिमेला राहतो, मराठीत रॉक गातो आणि विनोदी फिल्म बनवतो. या तीन गोष्टी ऐकून मुलगी द्यायला कोणी पुढे येत नाही, त्यामुळे घरात मी आणि रिबकाआत्या, दोघंच.

माझी पहिली मोठी फिल्म पुरी होऊ दे, मलिदा करीन, असं आत्या बोलली होती. मलिदा म्हणजे परातीत भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, वर फळं मांडायची, आणि एलियाहू हन्नबी या प्रेषिताचं नाव घेऊन प्रार्थना. आत्याचा हट्ट असा, की प्रार्थनेला आपले दहा पुरुष हवेतच. भाईंदर-मीरा रोडमध्ये आमचे दहा पुरुष एका वेळी जमवणं म्हणजे रॉक बँड जमवण्यापेक्षा अवघड. तिने फोन करकरून जमवले. एक काका तर प्लास्टर घातलेला पाय घेऊन आले.

बाकीचं शूटिंग संपलं होतं; हाच खरा मलिदा फिल्मचा शेवटचा सीन, असं मी ठरवलं. फिल्म माझीच गोष्ट. लेखन माझं, दिग्दर्शन माझं, गाणी माझी. पूर्ण फिल्मभर मी पडतो, आपटतो, मार खातो. फक्त इथे विनोद नव्हता. इथे आत्या परात ठेवणार आणि माझं गाणं सुरू होणार.

कॅमेरा आणि एडिटिंग अनिरुद्धचं. अनिरुद्ध बारा वर्षं माझ्या बँडमध्ये बास गिटार वाजवायचा. पार्ल्याचा. घरात तीन पिढ्यांचं संगीत, काका निर्माते. भाईंदर पूर्वेला स्टीलची भांडी बनवणाऱ्या कारखान्याशेजारी आमचा प्रॅक्टिसचा गाळा होता. शेजारची मशीन धाडधाड चालायची आणि आम्ही तिच्या तालावर गाणी बसवायचो. माझा जीव होता त्याच्यावर. लोकांना सांगायचो, भाऊ आहे माझा.

भाऊ त्या दिवशी वरसावेच्या पुलावर ट्रॅफिकमध्ये अडकला. दोन तास. तो आला तेव्हा प्रार्थना संपली होती, प्रसाद वाटून झाला होता, सहा पुरुष घरी गेले होते. अनिरुद्ध बुटांसकट आत आला, परात बघितली आणि म्हणाला, "परत करा ना एकदा. पाच मिनिटांचं तर आहे."

आत्या म्हणाली, "नवस एकदाच फेडतात, बाळा."

इथे मी काय म्हणायला हवं होतं ते शेंबड्या पोरालाही कळेल. मी म्हणालो, "आत्या, माझ्यासाठी."

तिने परत पोहे भिजवले.

सहा पुरुष कमी होते, ते मी बिल्डिंगमधून गोळा केले. तळमजल्यावरचा दादू पाटील, भाईंदरच्या जुन्या कोळ्यांपैकी, डोकं कलिंगडाएवढं, आमची प्रार्थनेची टोपी एवढीशी. "टोपी बसत न्हाय रं," तो म्हणाला, "ठेवतो नुसती, हलणार न्हाय." समोरचे मेहताभाई विचारत होते, "मेरेको सिर्फ होठ हिलाने का ने?" सगळे प्रेमाने आले. चार जण प्रार्थना म्हणत होते, सहा जण तोंड हलवत होते. आत्या परातीकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती. शेवटी हळूच विचारलं, "झालं का रे?"

झालं म्हणालो.

तीन महिन्यांनी मीरा रोडच्या एका हॉलमध्ये शो ठेवला. शंभरेक माणसं. अनिरुद्धचे काका, त्यांचे मित्र, ओटीटीवाले दोघं. गाण्यांच्या हक्काचा कागद अनिरुद्धने आधीच माझ्या हातात दिला होता. "शो झाला की सही कर. सही झाली की फिल्म लागली." चाळिशीत पहिल्यांदा माझं काही लागणार होतं. आत्याला पहिल्या रांगेत बसवलं. तिने ठेवणीतली साडी नेसली होती.

सुरुवातीला पाटी आली. लेखक-दिग्दर्शक : अनिरुद्ध. मला वाटलं माझं नाव पुढच्या पाटीवर असेल. मी वाट बघत बसलो. आलं. स्थानिक सहाय्य, या शब्दांखाली. मेहताभाईंच्या वर, दादूच्या खाली.

तरी मी बसून राहिलो. हेही लिहिलं पाहिजे. मनात म्हटलं, चुकून झालं असेल.

मग मलिद्याचा सीन आला. माझं गाणं नव्हतं. सर्कशीतलं संगीत होतं. दादूची टोपी पडते, परत पडते, परत पडते. मेहताभाईंचे ओठ जवळून, पडदाभर. आणि मग आत्याचा चेहरा. "झालं का रे?" हॉल हसला. तोच चेहरा परत. "झालं का रे?" तिसऱ्यांदा तिचा आवाज उंदरासारखा बारीक केला होता. अनिरुद्धचे काका मांडीवर थापा मारत हसत होते.

आत्याने मागे वळून बघितलं. शंभर माणसं हसताहेत. तिला मीच सांगून आणलं होतं, आत्या, विनोदी फिल्म आहे, लोक हसले पाहिजेत. मग तीही हसली. थोडंसं. पाहुण्यांत वेगळं दिसू नये म्हणून माणूस हसतो तसं.

ते हसू मी ओळखलं. माझंच होतं.

पहिल्याच कॉलेज शोला एका बाईंनी विचारलं होतं, "मूळचे कुठले तुम्ही?" "रेवदंड्याजवळचे." "नाही हो, मूळचे?" दोन हजार वर्षं कोकणात काढली तरी आम्ही मूळचे दुसरीकडचेच. मी तेव्हा असाच हसलो होतो. नंतर त्याचाच विनोद केला. "आमच्या पूर्वजांचं जहाज कोकण किनाऱ्यावर फुटलं, त्याची शिक्षा तुम्ही ऐकताय," असं म्हणून मी प्रत्येक शो सुरू करायचो. गाळ्यात अनिरुद्ध मला "ए तेल्या" म्हणायचा, मी गिटारवर घाण्याची कुरकुर वाजवून दाखवायचो. बारा वर्षं. आपणच आधी हसलो की दुसऱ्याचं हसणं लागत नाही, असं मला वाटायचं. कुठे हसायचं ते मीच त्यांना शिकवत होतो.

मी उठलो. फिल्म बंद करायला लॅपटॉपची वायर उपटली. ती एसीची निघाली. फिल्म चालूच, लोकांना फक्त उकडायला लागलं. मग मी पडद्यासमोर जाऊन उभा राहिलो. आत्याचा चेहरा माझ्या शर्टावर आला.

"हा सीन काढ," मी म्हणालो.

अनिरुद्ध उठलासुद्धा नाही. "अरे, तोच सीन विकला गेलाय. आणि तू स्वतः बारा वर्षं हेच करत होतास ना? आता एकदम लाज वाटली?"

"हो. आता वाटली."

"नाव टाकतो तुझं. संगीतकार म्हणून, मोठं. बस खाली. तमाशा नको."

काका म्हणाले, "चांगला विनोदी माणूस आहे हो हा. याला काय झालं?"

मी कागद काढला आणि चार तुकडे केले. त्याची दुसरी प्रत अनिरुद्धच्या बॅगेत असणार हे मला फाडल्यावर आठवलं. पण सही कुठल्याच प्रतीवर नव्हती, आणि होणार नाही. माझी गाणी या फिल्ममध्ये वाजणार नाहीत. गाण्यांशिवाय ती लागत नसेल तर न लागो. आत्याचा हात धरून मी बाहेर आलो. मागून कोणी आलं नाही. बारा वर्षांत पहिल्यांदा मी स्टेजवरून उतरलो आणि टाळ्या नव्हत्या.

रिक्षा भाईंदरकडे वळली. मी बोलत सुटलो. फिल्म परत करीन, एकट्याने, फोनवर करावी लागली तरी. लोक हसतील, पण माझ्या पडण्यावर. घरातल्या माणसाला कोणाच्या हसण्यासाठी यापुढे पुढे करणार नाही. कोणी मूळचे कुठले विचारलं तर रेवदंडा सांगीन आणि तिथेच थांबेन.

आत्याने ऐकून घेतलं. चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला.

"त्या दिवशी ‘नको’ एवढंच बोलायचं होतंस तू," ती म्हणाली. "त्याला चाळीस वर्षं लागली तुला. तुझा बापपण मठ्ठ होता, पण इतका नव्हता."