जीव जाताना कोण उखाणा घेतं?

आमच्या गल्लीतली नीलव्वा हूगार नवऱ्याचं नाव घेत नसे. कर्नाटकातल्या गदगकडच्या आमच्या गावात कुठली बाई घेते? लग्नात, डोहाळजेवणात उखाण्यातून घ्यायचं, तेही दहा जणींनी दार अडवल्यावर. एरवी तो लेकीच्या नावानं ‘गिरिजाचा अप्पा’.

हा अप्पा म्हणजे हवालदार फक्कीरप्पा. हातभट्ट्या फोडण्यात पटाईत, म्हणून त्या चोरून चालवणाऱ्या दारूच्या ठेकेदाराच्या डोळ्यांत सलायचा. एकदा भट्टीवरचा एक गडी, फक्कीरप्पा राहायचा त्या पोलीस लाइनीमागे मेलेला सापडला आणि ठेकेदाराचं फावलं. त्याने लाइनीशेजारच्या चंद्रव्वाला पढवून कोर्टात उभं केलं.

“अंधारात तोंड नाही दिसलं साहेब,” चंद्रव्वा म्हणाली. “पण मारल्याचा आवाज आला आणि नीलव्वा ओरडली, ‘फक्कीरप्पा, सोड त्याला, मरेल तो!’ म्हणून कळलं कोण मारतंय ते.”

नीलव्वाने शपथेवर सांगितलं, “मी कधी त्यांचं असं नाव घेतलेलं नाही.”

सरकारी वकील हसले. “बाई, जीव जाताना कोण उखाणा घेतं?”

कोर्टभर हशा पिकला. तो हशा आठवला की अजून माझं डोकं फिरतं. फक्कीरप्पाला जन्मठेप झाली.

लोक म्हणाले, माहेरी जा. नीलव्वाने चंद्रव्वाच्या घरासमोरच खोली घेतली. देवळाच्या दारात फुलं विकायला बसू लागली आणि चंद्रव्वा दर्शनाला आली की सगळ्यांदेखत विचारायची, “काय गं, तुझ्या घरधन्याचं नाव काय?”

चंद्रव्वा पदर ओढून पळायची. आम्ही बायका खुदुखुदु हसायचो.

तुरुंगाच्या दारात शिपायाने “कोणाला भेटायचंय?” विचारलं की नाव गिरिजा सांगायची. आत फक्कीरप्पाही तसाच हट्टी. गुन्हा कबूल कर, लवकर सुटशील, असं कोणी सुचवलं तर म्हणायचा, “खोटं लिहून सुटू? त्यापेक्षा इथंच केस पिकवीन.”

एका जत्रेत रथ ओढताना चंद्रव्वाचा नवरा ईरण्णा घसरला तो थेट चाकापुढं. चंद्रव्वाने बोंब ठोकली, “अय्यो शिवने! बसूच्या अप्पाला ओढा रे! बसूच्या अप्पाला ओढा!”

दोघातिघांनी धोतराला धरून त्याला खेचलं. पायाचा अंगठा गेला, माणूस वाचला.

फुलांची टोपली तिथंच टाकून नीलव्वा पुढं आली. “चंद्रव्वा, जीव जात होता की गं! मग नाव का नाही घेतलंस?”

वाजंत्रीसुद्धा थांबली.

“तोंडातच आलं नाही अक्का,” चंद्रव्वा रडत म्हणाली. “तू पण नव्हतं घेतलंस, ओरडलीही नव्हतीस. ठेकेदारानं पढवलं तसं मी बोलले.”

“हे कोर्टात सांगशील?”

उत्तर रक्ताळलेल्या पायानं बसलेल्या ईरण्णाने दिलं. “सांगेल. नाही सांगितलं तर मी सांगतो. पुष्कळ झालं.”

वरच्या कोर्टात चंद्रव्वाची पुन्हा साक्ष झाली. खोट्या साक्षीची शिक्षा तिने भोगली आणि फक्कीरप्पा निर्दोष सुटला. नोकरीही परत मिळाली. रुजू व्हायच्या दिवशी ठाण्यातून निरोप आला, मागच्या दारानं या, उगाच गाजावाजा नको.

नीलव्वा भडकली. “नेताना बेड्या घालून भर बाजारातून नेलं. आणि आता मागचं दार?”

बाजाराच्याच दिवशी, भाजीवाल्यांच्या मधून, नवऱ्याचा हात धरून ती निघाली. मागे गिरिजा आणि आम्ही अख्खी गल्ली. ठाण्याच्या पायरीवर पहाऱ्यावरच्या नव्या शिपायाने विचारलं, “कोण आलंय?”

सवयीने गिरिजाने तोंड उघडलं. नीलव्वाने तिच्या तोंडावर हात ठेवला आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली,

“फक्कीरप्पा! हवालदार फक्कीरप्पा हूगार! उखाणा नाही काही नाही. लिहून घ्या!”