शीर बोटानं बघायची

नर्सिंगचा निकाल लागला तेव्हा वाटलं, आता काय, हॉस्पिटलवाले दारात उभे राहतील. कसलं काय! अंबरनाथ पालथं घातलं, बदलापूर पालथं घातलं, सगळीकडे एकच प्रश्न, "अनुभव आहे का?" अहो, कुणी कामावर घेतल्याशिवाय तो येणार कुठून? शेवटी उल्हासनगरात दोन फ्लॅट जोडून केलेल्या एका नर्सिंग होममध्ये लागले. बारा खाटा, बारा तास ड्यूटी आणि बसायला एकच स्टूल, त्यावरही कुणाचे तरी एक्स-रे पडलेले.

तिथं ताई होती. दहावीनंतर कामाला लागलेली, वीस वर्षं बघून बघून शिकलेली. सर्टिफिकेट नाही की नोंदणी नाही. मी डिप्लोमावाली, पहिल्या दिवशी तोऱ्यातच होते. दुसऱ्या दिवशी एका आजोबांना दोनदा टोचूनही सलाइन लागेना, तेव्हा तोरा उतरला. "शीर डोळ्यानं नाही, बोटानं बघायची, पोरी," म्हणत तिनं माझं बोट धरून त्यांच्या मनगटावर ठेवलं. जेवताना माझ्या डब्यातली सुकटीची चटणी बिनदिक्कत पळवायची आणि वर म्हणायची, "मीठ कमी आहे गं." काय हसायचो आम्ही! तेवढं हसणं पुढे कुठल्याच ड्यूटीत मिळालं नाही.

तीन महिन्यांनी परवान्याची तपासणी आली. डॉक्टर ताईला म्हणाले, "साहेब जाईपर्यंत सफाईवाल्या मावशीची साडी नेस. तू नर्सचं काम करतेस हे कळलं, तर तुला ठेवता येणार नाही मला." ताईनं पांढरा कोट काढला आणि हातात पोछा घेतला. माझं डोकं सणकलं होतं. पण माझीही पहिलीच नोकरी, मी खाटांच्या चादरी सरळ करायला लागले.

साहेब वॉर्डात उभे असतानाच खिडकीजवळच्या सिंधी आजींची सलाइनची सुई निघाली. मी दुसरी लावायला गेले, शीर हुकली. आजी कळवळल्या आणि ताईकडे बोट दाखवून ओरडल्या, "इसको नहीं, मेरी सिस्टर को बुलाओ! वो खड़ी है!"

साहेबांनी मान वळवली.

"आजी, मैं तो लादी पोछती हूँ," ताई म्हणाली. पोछा मारत मारत खाटेपाशी आली, आजींच्या पायाशी वाकली आणि मला ऐकू येईल एवढंच पुटपुटली, "हात खाली लोंबू द्या, सिस्टर. कातडी ताणून धरा. आता बोटानं बघा."

शीर लागली. साहेब म्हणाले, "छान हात आहे तुमचा." मी म्हणाले, "थँक्यू सर."

ते गेल्यावर मी ताईला मिठी मारून रडले. म्हटलं, "सिस्टर काय म्हणतेस गं, पोरी म्हण."

"नको," ती कोट घालत म्हणाली. "लादी पुसणारी सिस्टरला पोरी म्हणते होय? एखाद्या तपासणीत चुकून तोंडातून निघालं, तर जाईल माझी नोकरी."

वर्षाचा अनुभव झाला आणि मला मोठ्या हॉस्पिटलात नोकरी लागली. निघाले त्या दिवशीही ती "या, सिस्टर" असंच म्हणाली. आता नव्या मुली माझ्या हाताखाली येतात. त्यांचं बोट धरून मी शिरेवर ठेवते आणि प्रत्येकीला पोरीच म्हणते. मला मात्र तसं म्हणणारं आता कुणी नाही.