दहावी टोपली

सुखीबाईनं आयुष्यात एकदाच मागं वळून पाहिलं, तेही अठ्ठावन्नाव्या वर्षी.

फुलसावंगीच्या पलीकडे तिचा तांडा. टेकडीवर देवीचं ठाणं आणि टेकडीला लागूनच सुखीबाईचं अडीच एकर वावर. डिसेंबर लागला की तुरीच्या ओल्या शेंगा तोडायच्या, मुलाच्या, संजयच्या, मोटरसायकलवर लादून बाजाराला धाडायच्या, आणि दर दहावी टोपली देवीची. नवरा गेल्यावरही तिनं त्यात कधी खंड पडू दिला नाही. टोपली पायरीवर ठेवायची, कपाळ टेकायचं आणि वळून न बघता खाली उतरायचं. वळून बघितलं तर दिलेलं परत मागितल्यासारखं होतं, अशी तिच्या सासूनं घालून दिलेली रीत. दुसऱ्या दिवशी रिकामी टोपली पायरीवर पालथी असायची. तांड्यातल्या बाकीच्यांनी हे देणं कधीच सोडलं होतं. वानरं त्यांच्या शेतांत धुमाकूळ घालायची. सुखीबाईच्या वावरात पाऊल टाकायची नाहीत.

"देवी राखते," ती म्हणायची. विषय संपायचा.

एकच गोष्ट ती कधी बोलत नसे. संजय सात वर्षांचा होता तेव्हा पाऊस बुडाला. साऱ्या वावरात कशाबशा दहा टोपल्या झाल्या. दहावी उचलायला गेली तर पोरानं टोपलीत हात घातलेला. तिनं त्या हातावर असा फटका मारला की मूठ उघडून शेंगा मातीत सांडल्या. त्याही तिनं वेचून परत टोपलीत टाकल्या. पोरगं कण्यांची पेज पिऊन झोपलं.

तिची सून अंजू बी.एस्सी. झालेली. गावातल्या शाळेत विज्ञान शिकवते. सासू-सुनेचं चांगलं जमतं. अंजू तिला याडीच म्हणते, सख्ख्या आईसारखं. पण यंदा अंजूनं वर्गात सांगितलं की माणूस आणि वानर एकाच जुन्या कुळातून फुटले, आणि संध्याकाळी देवीचे पुजारी धावजी काठी आपटत अंगणात हजर.

"काहून वं मास्तरीण, आमचे बुढे वांदरं होते का? शेपट्या कुठी गेल्या मंग?"

"तसं नाही काका. ते आपले बुढे नाहीत, चुलत भाऊ हायेत. लई लांबचे."

"आयकलं का सुखी? लग्नात आहेर धाड आता चुलत भावाले!"

धावजी गेल्यावर सुखीबाईनं सुनेला धरलं. "देवीनं घडवला माणूस. तुह्या पुस्तकात काय पुरावा हाय? माह्याजवळ हाय. जाऊन पाह्य वावरात."

"मंग दोन डाव टोपली नका देऊ, याडी. शेंगा तशाच राहतील. पैज."

सुखीबाई रागानं हो म्हणाली. त्यामागं तिची भीती होती. खात्री असती तर राग कशाला आला असता?

पहिली दहावी टोपली घरातच राहिली. दोन दिवसांनी दुसरीही. त्यानंतरच्या सकाळी दोघी वावरात गेल्या आणि बांधावरच थिजल्या. फांद्या मोडलेल्या, टरफलांचा सडा पडलेला. अर्ध्याहून जास्त वावर ओरबाडलेलं. काहीच होणार नाही, या भरवशावर अंजूनं पैज लावली होती.

सुखीबाई मात्र घरून टोपली उचलून टेकडीकडे धावत सुटली. देवी खरी होती! आणि आपण तिची परीक्षा घेतली. पायरीवर टोपली ठेवून तिनं कपाळ आपटून आपटून माफी मागितली. उतरायला लागली तेव्हा मागून टोपली सरकल्याचा आवाज आला. तिनं वळून पाहिलं.

धावजी टोपली कमरेवर घेऊन ठाण्याच्या मागं चालले होते. ती मागोमाग गेली. तिथं एक सपाट खडक होता, टरफलांनी वीतभर झाकलेला. खालची टरफलं काळी पडून माती झालेली. पंधरा-वीस वानरं ओळीनं बसली होती, पंगतीला बसावीत तशी.

"हे काय करून राह्यले, काका?"

धावजी दचकले, मग वैतागले. "दोन डाव टोपली नाही आली तुही. भुकेजले, तं उतरले तुह्या वावरात. मी काय करू?"

"देवीची टोपली हाय थे!"

"देवीले निवद दाखवतो, मंग यायले देतो. माह्या बापापासून चालू हाय. बाप म्हने, हे आपल्या थोरल्या घरचे."

"मंग माह्या सुनंवर कायले बोंबलले?"

"हे काय शाळेत सांगाची गोष्ट हाय का?" धावजी खरोखरच दुखावल्यासारखे बोलले.

सुखीबाई खडकाला टेकली. "काका, ज्या साली पाऊस बुडाला, त्या सालची टोपली?"

धावजींनी जरा आठवून पाहिलं. "तेयी यायनंच खाल्ली."

एवढ्यात एक पिल्लू आईच्या पोटाखालून निसटलं आणि त्यानं टोपलीत हात घातला. काळा, बारका, नखं असलेला हात. शेंगांवर मूठ आवळली. धावजी हसले. त्याला कोणी मारलं नाही. सुखीबाई त्या मुठीकडे बघतच राहिली. तिच्या स्वतःच्या तळहाताला झिणझिण्या आल्या.

त्या दिवशी ती जेवली नाही. रात्री सुनेला सगळं सांगितलं. "तू जितली का मी जितली, मले काईच नाही समजत," एवढंच शेवटी म्हणाली.

सकाळी उरलेल्या ओळींतून पहिली टोपली भरली. संजय गाडीला दोर बांधत होता, अंजू टोपल्या मोजायला उभी होती. तिनं टोपली त्याच्यासमोर ठेवली.

"हे बाजारात नको नेऊ. हे तुही."

"माही? येवढ्याचं मी काय करू, याडी?"

"खाय. बस इथं. माह्यासमोर खाय."

तो हसला, बायकोकडे पाहिलं. अंजू हसली नाही, तेव्हा मुकाट्यानं बांधावर बसला आणि टोपलीत हात घातला. सुखीबाई त्या पस्तिशीच्या राकट हातावरून नजर हलवेना.

"अंजू," ती म्हणाली, "हे नको मोजू. दहा याच्यानंतर धर."