आतडी सोडून

आखातातलं रुवैस मागे पडलं तेव्हा सूर्य नुकताच वर येत होता. रिफायनरीची ज्योत गाडीच्या आरशात लहान होत होत दिसेनाशी झाली आणि दोन्ही बाजूंना नुसती वाळू उरली. गाडी चालवत होता इब्राहिम, माझा शाळेपासूनचा मित्र. दाभोळच्या खाडीवर आम्ही एकाच गळाने मासे धरत मोठे झालो. पुढे तो आखातात क्रेन चालवायला आला आणि मी गावात मास्तर झालो. आता वीस वर्षांनी तो कायमचा घरी परतणार होता. त्याआधी त्याचं एक काम उरलं होतं, म्हणून त्याने मला बोलावून घेतलं होतं.

"आपण चाललोय त्या गावाच्या मजलिसमध्ये (बैठकीच्या जागेत) एक फळी आहे," तो म्हणाला. "कनदच्या कॉम्पिटिशनमध्ये जो जिंकतो त्याचं नाव लिवतात. आपल्यातलं एक पण नाव नाय तिथं. बारा वेळा उतरलो मी. ही लास्ट."

कनद म्हणजे आपली सुरमई.

गाव म्हणजे तीस-चाळीस बसकी घरं, एक मशीद आणि एक धक्का. पण समुद्र! आपल्या खाडीत हात बुडवला तर बोटं दिसत नाहीत. इथे दोन पुरुष खोल पाण्याखालच्या वाळूवरच्या रेघा मोजता येत होत्या. एवढा नितळ समुद्र असू शकतो हे मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

धक्क्यावर खजूर आणि गावा (वेलचीची कडू कॉफी) झाली. मग पांढऱ्या दाढीच्या एका म्हाताऱ्या नोखदाने (आपल्याकडचा नाखवा) अरबीत नियम वाचून दाखवले. मला ओ की ठो कळलं नाही.

"काय म्हणाला?"

"तेच, दर वर्षीचं. जुम्म्याच्या नमाजाआधी परत यायचं. यल्ला, होडीत चढ!"

तासभर काहीच लागलं नाही. मग इब्राहिमच्या हातातली दोरी अशी सरसरली की तळव्यातून रक्त आलं. तरी त्याने ती सोडली नाही. अर्ध्या तासाने पाण्यातून रुपेरी पाठ वर आली आणि मी चक्क हात जोडले. माझ्या छातीपर्यंत उभी राहील एवढी सुरमई! इब्राहिम तिच्यावरून हात फिरवत नुसता "माशाल्ला, माशाल्ला" म्हणत राहिला.

परतताना दोरी पंख्यात गुरफटली आणि इंजिन बंद पडलं. इब्राहिमने पाण्यात उडी मारली. मी माशाजवळ बसलो. बर्फाची पेटी तोकडी, ऊन कडक. तापली की सुरमई मऊ पडते, हे कोकणातल्या पोरासोरांना कळतं. आपणही काही हातभार लावावा म्हणून मी सुरी घेतली, पोट चिरलं, कल्ले काढले, आतडी समुद्रात टाकली आणि गाभोळी (माशाची अंडी) मात्र जपून डब्यात ठेवली. सगळं कसं स्वच्छ झालं.

इब्राहिम निथळत वर आला. त्याने माशाकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या सुरीकडे.

"मास्तर," तो हळू म्हणाला, "इथं सबंध मासा तोलतात रे. चिरलेला बाद."

मागे आतड्यांवर पक्ष्यांची झुंबड उडाली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी काहीतरी पुटपुटलो. त्याने माझ्या हातातली सुरी घेऊन पाण्यात धुतली आणि म्हणाला, "माझा बा असता तर त्यानं पण हेच केलं असतं."

धक्क्यावर सुरमई टांगली तेव्हा सगळा गलका थांबला. लोक मागे सरून बघू लागले. नोखदाने चिरलेल्या पोटावरून बोट फिरवलं.

"किसने काटा?" त्याने मोडक्या हिंदीत विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत इब्राहिम म्हणाला, "मैंने, नोखदा. गाँव का आदत है."

म्हाताऱ्याने मान हलवली. "कायदा मतलब कायदा. खलास." पण त्याने मासा उतरवू दिला नाही. जो तरुण जिंकला, तो आपली सुरमई उचलून स्वतःच तिच्या शेजारी घेऊन आला. त्याची चांगली वीतभर कमी भरली. "साठ साल समुद्र देखा," नोखदा म्हणाला, "ऐसा कनद नहीं देखा." दुपारी मजलिसमध्ये एका थाळ्याभोवती बसून आम्ही मासे-भात खाल्ला. तळलेली गाभोळी म्हाताऱ्याने बोटं चाटत संपवली. समोरच्या फळीवर त्या तरुणाचं नाव ओलं होतं. इब्राहिमने एकदाच तिकडे पाहिलं.

आता तो कित्येक वर्षं गावीच आहे. संध्याकाळी आम्ही जेटीवर बसतो. कोणीतरी हटकून विचारतं, "इब्राहिमभाई, ती सुरमई केवढी होती?" तो दोन्ही हात पसरतो आणि हसून म्हणतो, "आतडी सोडून हां!"

कोणी कापली, असंही लोक विचारतात. "मीच, दुसरं कोण?" एवढंच तो सांगतो. मी शेजारीच बसलेला असतो आणि इतकी वर्षं गप्प राहिलो. म्हणून आज लिहून टाकतो: सुरी माझ्या हातात होती.