नकाशावरचे डाग

संस्थेच्या वाचनखोलीत भिंतीवर जगाचा मोठा नकाशा आहे. रोज सकाळी मी तो पुसते. इथली मुलं देशादेशांतल्या भांडणांवर संशोधन करतात आणि बोलताना नकाशावर बोट टेकवतात. कुठे भांडण पेटलंय ते मला डागांवरून कळतं. बाकीचं जग स्वच्छच असतं.

या महिन्यात सगळे डाग आखाताच्या तोंडाशी, त्या अरुंद पाण्यावर आहेत. माझा मुलगा संदीप तिथेच एका मालवाहू जहाजावर खलाशी आहे. आठ दिवस झाले, त्याचा फोन नाही.

काल एक मुलगा त्या पाण्यावर बोट टेकवून मैत्रिणीला हसत म्हणाला, "हा रस्ता बंद झाला ना, की तुझा प्रबंध लगेच छापतील बघ!"

"गप ए," ती म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "मावशी, इथे फार डाग पडलेत हो."

"उद्या सकाळी पुसते," मी म्हणाले. संदीप तिथे आहे हे मुलांना माहीत नाही. मुलं वाईट नाहीत. एवढं मोठं जग एका भिंतीवर बसवायचं, तर त्यात माणूस कुठून दिसणार?

आज मी ते डाग पुसले. फडका त्या अरुंद पाण्यातून बाहेर काढला आणि मोकळ्या समुद्रावरून हळूहळू आपल्या किनाऱ्यापर्यंत आणला. तिथे पुसायला काही नव्हतं, तरी हात थोडा वेळ तिथेच राहिला.