रंगाचं धुवण

त्या उन्हाळ्यात आमच्या वाडीत घरोघर पिवळा भात शिजला. लग्नघर एक नव्हतं, हळदीचा पत्ता नव्हता, आणि भात मात्र पिवळाधमक! सासूबाईंनी टोपावरचं झाकण काढलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच त्यात काही कालवलंय.

मी तेव्हा महाडजवळच्या रंगाच्या कारखान्यात पॅकिंगला होते. आमचे हेही तिथेच. रंग गाळायची जाडजूड कापडं धुवायचं काम यांच्या टोळीकडे. आत नळ होता, पण धार करंगळीएवढी. मग ही मंडळी कापडं खांद्यावर टाकून सरळ मागच्या ओढ्यावर जायची. आपल्याकडे गोधड्या काय, घोंगड्या काय, सगळं वाहत्या पाण्यातच धुतात. दगडावर आपटलं, पिळलं, झालं! साहेबांनी तसं सांगितलं नव्हतं, पण अडवलंही नव्हतं.

त्याच ओढ्याच्या खालच्या अंगाला आमची वाडी. उन्हाळ्यात धार आटली की आम्ही बायका वाळूत खड्डा खणतो. डवरा म्हणतो त्याला. त्यात पाझरून येईल तेच प्यायचं. दुसरं पाणी नाहीच. हंड्यात ते जरा गढूळच वाटलं होतं, रंग उठला तो भातात.

रात्री हे जेवायला बसले आणि सासूबाई कडाडल्या, "पान्यासाठी तुज्या आजानं महाडात काठ्या खाल्ल्या. आनि तू पान्यात रंग कालवतोस? लाज नाय वाटत रे?"

"काम हाय ते, आये. सोडू काय?"

"काम सोडा कोण म्हणतंय?" मी मध्येच तोंड घातलं. माझं डोकं तापलं की मला गप्प बसवत नाही. "धुवायची जागा सोडा!"

दुसऱ्या दिवशी तोच भात मी डब्यात भरून नेला आणि जेवणाच्या सुट्टीत सगळ्या टोळीपुढे उघडला. "घ्या, जेवा!"

"वहिनी, थट्टा पुरे," एक जण म्हणाला.

"थट्टा कसली? तुमच्याच हाताची चव आहे."

कोणी हात लावला नाही. पण डबाही कोणी झाकला नाही. त्यातल्या दोघांच्या सासुरवाड्या आमच्याच वाडीत होत्या. बोलता बोलता सगळ्यांचं ठरलं, ओढ्यावर कापडं न्यायची नाहीत. तसेच आम्ही केमिस्ट साहेबांकडे गेलो. पुण्याचा पोरगेला माणूस, पण ऐकून घेणारा. त्याला वाईट वाटलं, खरंच वाटलं. मग म्हणाला, "आत धुतलीत तरी पाणी गटारातून ओढ्यातच जाणार. ते ठेवायचं कुठे?"

हे आमच्या कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मी म्हटलं, "साहेब, तांदळाचं धुवण आम्ही कधी फेकत नाही, म्हशीला घालतो. हे धुवण कोणाला घालायचं ते तुम्ही सांगा."

तो हसला. मग हसायचा थांबला. पिवळ्याचं धुवण पिवळ्याच्याच पुढच्या घाण्यात नव्या पाण्याऐवजी घालून बघू, म्हणाला. पण रंगात रंग मिसळला तर घाणा वाया, आणि मालक हा उद्योग त्याच दिवशी बंद करणार.

मग काय, टोळीने जुन्या विटा जमवून स्वतःच टाक्या बांधल्या. प्रत्येक रंगाची वेगळी. कापडांच्या कोपऱ्याला त्या त्या रंगाच्या चिंध्या शिवायचं काम आम्हा बायकांचं. एकदा लाल कापड पिवळ्यात पडलं, तेव्हा मालकाचा आवाज फाटकापर्यंत ऐकू आला! पण केमिस्ट साहेबांनी आमची बाजू धरली, टाक्या राहिल्या. पुढच्या पावसात ओढा धुऊन निघाला.

पुढे कारखाने वाढले, नदीचे काय हाल झाले ते मी वेगळं सांगायला नको. मी आमच्या ओढ्याचं सांगतेय.

पुढच्या उन्हाळ्यात डवरा खणला. पाणी नितळ आलं. केमिस्ट साहेबांनी बाटलीभर नेऊन तपासलं, प्यायला हरकत नाही म्हणाले. पण हंडा बुडवायला एकही बाई पुढे होईना. त्या भातापासून ओढ्याचं पाणी सोडलेलं, वर्षभर टँकरची वाट बघून, लांबून पाणी वाहून सगळ्या विटल्या होत्या, तरी नाही. माझा जीव टांगणीला लागला. आता नाही प्यायल्या, तर वाडी कायमची पाण्यावाचून.

सासूबाई वाकल्या. त्यांनी लोटी भरली, पण तोंडाला लावली नाही. घोळक्याच्या मागे हे उभे होते, त्यांच्यापुढे नेऊन धरली.

"आदी तू."

यांनी पाण्याकडे बघितलं, मग आईकडे. घटाघट प्यायले, बाहीने तोंड पुसलं आणि डवऱ्याच्या कडेला वाळूत बसकण मारली.

"अजून दे, आये."