आजाचा झगा

केडगाव चौकातला आमचा पंक्चरवाला मोबाईलवर कायम बर्फावरचं स्केटिंग लावून बसतो. ट्यूब पाण्यात बुडवतानाही डोळे तिकडंच. परवा चमचमत्या सदऱ्यातला एक गडी गाण्याच्या तालावर गरगरा फिरला आणि मी बोलून गेलो, "कसला बायकी!"

त्यानं ट्यूब खाली ठेवली.

"मास्तर, आमचा आजा घोळदार झगा घालून धनगरी गजी नाचायचा. त्याला बायकी म्हणायची टाप हुती का कुणाची?"

काल बिरोबाच्या जत्रेत ढोल घुमला आणि देवळापुढच्या फरशीवर हाच आला! अंगात आजाचा पांढरा झगा, पायांत चाकांचे बूट. गिरकी घेतली तसा झगा छत्रीसारखा फुलला. ढोलवाले पेटलेच.

धापा टाकत तो माझ्यापुढं थांबला. "आता बोला, मास्तर."

मी दोन बोटं तोंडात घालून शिट्टीच मारली.